आपटीबारच्या जागेवरचा नेचा

नेचा मला आवडत नाही. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईनं असं म्हणू नये, पण चोवीस वर्षं शिकवल्यावर जे आवडत नाही ते आवडतं म्हणायची माझी तयारी नाही. त्याला फूल नाही, फळ नाही, वास नाही. पोरी प्रॅक्टिकलच्या वहीत त्याचं पान काढतात, पानाच्या पाठीवर काठाकाठानं बीजाणूंची तपकिरी रेघ ओढतात आणि परीक्षा झाली की विसरतात. विसरण्यासारखंच झाड आहे, असं मलाही परवापरवापर्यंत वाटायचं.

आमच्या जिल्ह्यात तो दिसतो तरी कुठं? जुन्या विहिरीच्या चिऱ्यांत, जिथं चुना पाझरतो आणि ऊन पोचत नाही तिथं. वर माळ करपून गेलेला असतो आणि आत वीस हात खाली हा हिरवागार. बाया त्याला नुसतं विहिरीतला पाला म्हणतात. जनावर खात नाही, माणूस खात नाही, म्हणून वेगळं नाव द्यायची कुणाला गरज वाटली नसावी.

आमचं कॉलेज धाराशिवपासून एसटीनं तासाभरावर, तेरखेड्याच्या बाजूला आहे. या भागात फटाक्यांचं काम घरोघरी माहीत. कॉलेजच्या मागं दीड एकराचा तुकडा आहे. तो संस्थेला कुणाकडून आणि कसा मिळाला, हे मी सांगणार नाही. सांगून उपयोगही नाही, ती माणसं आता नाहीत. तिथं पूर्वी पत्र्याची शेडं होती आणि शेडांत आपटीबार भरले जात. आपटीबारात पोटॅशबरोबर मनशीळ लागते. मनशीळ म्हणजे नारिंगी रंगाचा दगड. तो कुटायचा, चाळायचा, कागदात खड्यांबरोबर बांधायचा. त्या दगडात गंधक असतं आणि दुसरं असतं ते आर्सेनिक, ज्याला आपल्याकडं सोमल म्हणतात. शेडं बंद होऊन जमाना झाला. पत्रे कुणीकुणी नेले. जोती राहिली आणि माती राहिली.

त्या मातीत काही धड उगवत नव्हतं. गाजरगवतसुद्धा वीतभर होऊन पिवळं पडायचं, आणि गाजरगवत कुठं उगवत नाही हे मला अजून बघायचंय. फक्त कोपऱ्यातल्या सिमेंटच्या टाकीला गळती होती, तिथं टाकीच्या बुडाशी नेच्याचा गड्डा माजला होता. कमरेइतका उंच, काळ्याभोर देठांचा, एकाही पानाला कीड नाही. बीजाणू वाऱ्यावर कुठल्या तरी विहिरीतून आले असतील. सगळं मरतंय आणि हा एकटा मजेत आहे, हे बघून मला कौतुक वाटलं नाही. मला त्याचा संशय आला.

माती आणि पान मी पुण्यातल्या एका मैत्रिणीकडं तपासायला पाठवलं. उत्तर यायला महिना लागला. मातीत सोमल होता, आणि पानात मातीपेक्षा कितीतरी जास्त होता. पुस्तकात हे वाचलेलं होतंच. बाकीची झाडं असलं विष मुळाशी अडवतात नाहीतर मरतात. हा नेचा ते स्फुरद समजून मुळातून आत घेतो, वर ओढतो, पानात नेऊन ठेवतो आणि वर टवटवीत राहतो. कीड लागत नाही, कारण पान खाल्लं तर कीड मरते. मी प्लास्टिकच्या डब्यांत त्याच जागेची माती भरून विहिरीतला हंसराज, म्हणजे दुसऱ्या जातीचा नेचा, लावून बघितला. पंधरा दिवसांत त्याच्या पानांच्या कडा जळाल्या आणि तो संपला. तांब्याच्या क्षाराचं पाणी घातलेल्या डब्यात याच नेच्याच्या बीजाणूंतून आलेली इवली हिरवी पापुद्री काळी पडली. शिसं घातलेल्या डब्यात शिसं बहुतेक मुळापाशीच राहिलं. सगळे नेचे काही शूर नसतात. याचं फक्त सोमलाशी जमतं.

प्राचार्यांना मी हे सांगितलं, तेव्हा ते फोनवर बोलत होते. बोलणं संपवून म्हणाले, "म्हणजे झाड माती साफ करतंय की. चांगलंय."

"सर, साफ करत नाही. खालचं वर आणून ठेवतंय. ते पान कापून कुठं तरी बंदिस्त जागी नेऊन टाकलं तरच माती साफ होणार."

"मग कापू की."

त्यांना हिरवं दिसलं की चांगलं वाटतं. आमच्याकडं दोन वर्षांनी मूल्यांकनाची समिती यायची होती आणि समितीच्या तक्त्यात हिरवळीला गुण असतात. दीड एकर उघडी माती त्यांना सलत होती. आठ दिवसांत त्यांनी त्या जागेला 'नेचा उद्यान' असं नाव देऊन टाकलं आणि लोखंडी कमानही करून आणली. मी भांडले. भांडण्यात मी कॉलेजात प्रसिद्ध आहे. मागून मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. पण या खेपेला मी फार भांडले नाही, आणि का नाही ते इथं लिहून टाकते. मलाही ते उद्यान हवं होतं. सोमल ओढणारा नेचा, मराठवाड्यातली काळी माती, आपटीबारची जागा. यावर आजवर कुणी लिहिलेलं मला सापडलं नव्हतं. मला ते लिहायचं होतं. म्हणून पानात विष आहे हे लेखी देऊन मी एकच अट घातली, की कापलेला पाला झाकणाच्या ड्रममध्ये भरायचा आणि असला कचरा नेणाऱ्या कंपनीची गाडी बोलवायची. सर म्हणाले, ड्रम येतील.

ड्रम आले नाहीत.

कामाला माणसं पाहिजे होती. पहिल्या दिवशी गावातल्या दोन बाया खुरपायला आल्या. त्यांना मी सगळं खरं सांगितलं. त्यातल्या एकीची सासू त्या शेडात मनशीळ चाळायची. शेवटी तिच्या तळहातांवर, तळपायांवर बारीक बारीक कठीण दाणे आले होते, अंगावर काळे ठिपके होते, असं ती म्हणाली. दोघींनी खुरपी उचलली आणि चालायला लागल्या. दुसऱ्या दिवशी गावातलं कुणीच आलं नाही.

तेव्हा मी माळीमामांना सांगितलं.

मामा आमच्या कॉलेजात सतरा वर्षं रोजंदारीवर माळीकाम करत होते. वयानं माझ्यापेक्षा मोठे, अंगानं काटक, बोलायला कमी. त्यांना कायम करायची फाईल संस्थेत फिरत होती आणि समिती येऊन गेली की त्यावर सही होणार, असं त्यांना दर महिन्याला कुणीतरी सांगायचं. ते आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडच्या एका खेड्यातून सायकलवर यायचे, त्यामुळं आमच्या गावातल्या गप्पा त्यांच्यापर्यंत पोचत नसत. कॉलेजात एक गोष्ट त्यांनी माझ्याकडून घेतली होती आणि मनापासून पाळली होती: पाला जाळायचा नाही, फेकायचा नाही, गांडूळखताच्या खड्ड्यात टाकायचा. सुरुवातीला मी त्यांच्याशी त्यावरूनसुद्धा भांडले होते. पुढं तेच दुसऱ्यांना रागवायला लागले.

मी त्यांना रबरी हातमोजे दिले आणि म्हणाले, "मामा, या पाल्याला हात लावू नका. खाज येते."

एवढंच म्हणाले. सोमल म्हणाले नाही, मनशीळ म्हणाले नाही. खरं सांगितलं असतं तर तेही गेले असते, आणि माझा नेचा तसाच राहिला असता. कापलेला पाला पोत्यांत भरून आमच्या विभागाच्या मागच्या स्टोअररूममध्ये ठेवायचा, हेही सांगितलं. त्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही. मॅडमच्या सतरा भानगडी असतात, त्यातली एक, असं त्यांना वाटलं असणार.

नेचा वाढला. बुडाशी ठिबक लावलं होतं, वर शेडनेटचं हिरवं कापड. पावसाळ्यात तर बघवत नव्हता इतका वाढला. पालक यायचे, कमानीखाली फोटो काढायचे. एका नव्या जोडप्यानं त्यात उभं राहून फोटो काढले आणि नवरीनं पान तोडून केसात खोचलं. मी धावत जाऊन ते काढून घेतलं. नवरीची आई मला वेडी समजली. मी तिला म्हणाले, "खाज येते." हे खोटं आता माझ्या तोंडात बसलं होतं. सोपं होतं, कुणी पुढं काही विचारत नव्हतं.

दोन पावसाळे मामांनी पाला कापला. स्टोअररूम पोत्यांनी छतापर्यंत भरली. मग परीक्षा आल्या आणि बाहेरची परीक्षक म्हणून मी आठ दिवस ढोकीच्या बाजूच्या एका कॉलेजात गेले. परत आले तर स्टोअररूम रिकामी, झाडून पुसून स्वच्छ, आणि भिंतीला पोपटी रंग चालू. समितीला दाखवायला तिथं 'हरित कक्ष' होणार होता.

"पोती कुठं गेली, सर?"

"विल्हेवाट लावली," सर म्हणाले. "तुम्ही नव्हतात, म्हणून माळ्याला सांगून रिकामं करून घेतलं."

मला वाटलं, गाडी आली असेल. वाटलं म्हणजे, वाटून घेतलं. मामांना विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. पण विचारायचं म्हणजे पोत्यांची इतकी काळजी कशाला ते सांगावं लागलं असतं. मी विचारलं नाही आणि माझा लेख लिहायला बसले.

यानंतर साडेतीन महिने गेले. मुलींच्या वसतिगृहामागं परसबाग होती, तीही समितीसाठीच नव्यानं केलेली. मेथी, पालक, कोथिंबीर. मेसच्या मावशी तिथली मेथी खुडून दाण्याचं कूट घालून भाजी करायच्या. ज्वारीची भाकरी आणि ती भाजी, खोटं कशाला बोलू, मीसुद्धा शिक्षकखोलीत वाटी मागवून खायचे. मामा अभिमानानं सांगायचे की यंदाच्या खताला तोड नाही, फक्त एका खड्ड्यातली गांडुळं कुठं गेली कळंना. म्हणायचे, "रुसली आसतील." आम्ही हसायचो.

समिती यायच्या दहा दिवस आधी मी मुलींना घेऊन परसबागेत गेले. शेंगवर्गीय झाडाच्या मुळावरच्या गाठी दाखवायच्या होत्या, म्हणून मेथीचं एक रोप उपटलं. मुळांबरोबर माती आली आणि मातीत एक काळा चिवट देठ आला. बोटभर लांब, तारेसारखा. मी तो चुरून बघितला, मोडला नाही. दुसरा सापडला, तिसरा सापडला. नेच्याचं पान कुजतं, पण देठ लवकर कुजत नाही, हे मीच वर्गात शिकवते. मी मुलींना तास संपला म्हणून सांगितलं आणि वाफ्यातच बसून राहिले.

मामा पलीकडं पाणी देत होते. मी हाक मारून विचारलं, "ती स्टोअरमधली पोती कुठं टाकली?"

"खड्ड्यात की," ते म्हणाले. "सर म्हनले, जाळून टाका. म्या म्हनलं, मॅडम मला जित्ता सोडत्याल का? पाला जाळायचा न्हाय. दोन महिने येगळ्या खड्ड्यात कुजिवला, मग काडला."

"तुम्हाला म्हटलं होतं ना, त्याला खाज येते?"

"व्हय. म्हून तर दोन महिने. आळूला बी खाज आसती, सुरणाला बी आसती. शिजलं, कुजलं की जाती. खाज कुजल्यावर ऱ्हात न्हाय, मॅडम."

यात त्यांचं काय चुकलं, हे मला आजही कुणी दाखवून द्यावं. मी त्यांना जे खोटं सांगितलं होतं, ते खरं धरून त्यांनी जास्तीत जास्त शहाणपणानं काम केलं होतं. पाला जाळला असता तर धुरातून सोमल सगळ्या वस्तीवर गेला असता. सरांच्या हुकमापेक्षा मामांचं वागणं बरं होतं. फक्त ते खत सहा वाफ्यांत पसरलं होतं आणि साठ मुली त्यावरची भाजी दोन वेळ खात होत्या.

मी तशीच प्राचार्यांकडं गेले. मेसमधली पालेभाजी आजपासून बंद करा म्हटलं. ते म्हणाले, "दहा दिवस थांबा."

"कशासाठी?"

"परसबाग आपण अहवालात दाखवलीय. समितीसमोर उघडी माती दाखवू का? आणि मॅडम, सहा आठवडे खाल्लीय, दहा दिवसांनी काय फरक पडतोय?"

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात, ती मला तेव्हा कळली. बाहेर आले, प्रयोगशाळेतून हातमोजे घेतले आणि परसबागेत जाऊन मेथी उपटायला लागले. दुपारच्या जेवणाची सुट्टी होती. मुली ताटं हातात घेऊन बघत उभ्या राहिल्या. मेसच्या मावशी धावत आल्या.

"आवो मॅडम, डोकं फिरलं का तुमचं? भाजीशी कसलं वैर?"

"यात विष आहे, मावशी," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आपटीबारच्या जागेतला सोमल आहे. कुणी खाऊ नका."

मावशींनी माझ्याकडं बघितलं, मग मुलींच्या ताटांकडं. त्यांनी एकेक ताट काढून घेतलं आणि भाजी बादलीत ओतली. मग बादली त्यांनी माझ्या पायाशी आणून ठेवली. मामा नळाशी उभे होते. हातातली रबरी नळी त्यांनी खाली ठेवली आणि ते आपले हात बघायला लागले.

मुलींच्या तपासण्या झाल्या. काही गंभीर निघालं नाही. पालकांनी कॉलेजचं गेट अडवलं, ते बरोबरच केलं. समितीनं तारीख पुढं ढकलली. आणि आता कुणीतरी दोषी पाहिजे होतं, कारण दोषी सापडल्याशिवाय पुढची तारीख मिळणार नव्हती.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये चौकशी ठेवली. संस्थेचे सचिव, आणखी एक संचालक, प्राचार्य, मी, आणि दाराशी मामा. त्यांना कुणी बस म्हटलं नाही. टेबलावर चहा आणि बिस्किटं होती. सचिवांनी आधी मला विचारलं, "मॅडम, हा पाला विषारी आहे याची कल्पना तुम्ही संबंधितांना दिली होती?"

मी म्हणाले, "प्राचार्यांना लेखी दिली होती." हे खरं होतं.

"आणि माळ्याला?"

मी उत्तर जुळवत होते. हातमोजे दिले होते, पोत्यांत भरायला सांगितलं होतं, वेगळं ठेवायला सांगितलं होतं. हे सगळं खरंच होतं आणि एकामागं एक सांगितलं असतं तर उत्तरासारखं वाटलं असतं. मला उशीर होतोय असं बघून सचिव मामांकडं वळले.

"काय हो, मॅडमनी तुम्हाला सांगितलं होतं का नव्हतं?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. मग म्हणाले, "सांगितलं व्हतं. म्याच इसरलो."

सर खुर्चीत मागं टेकले. माझ्या हातात कप होता. त्या वेळी मी तोंड उघडायला पाहिजे होतं. मी प्राचार्यांवर ओरडू शकते, पालकांवर ओरडू शकते, साठ मुलींसमोर भाजी उपटू शकते, आणि एक वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही: मी त्यांना खोटं सांगितलं होतं. लिपिकानं लिहून आणलं. मामांनी अंगठा नव्हे, सही केली, सावकाश, पूर्ण नावाची. त्याखाली साक्षीदार म्हणून मी केली. दुसऱ्या दिवसापासून त्यांना येऊ नका सांगितलं आणि फाईल बंद झाली.

दीड महिना मी झोप नीट येत नाही, पित्त वाढलंय, असं घरात सांगत होते. मग एक दिवस खरं काय ते दोन पानं लिहून प्राचार्यांना दिलं. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं. "मॅडम, मिटलेलं प्रकरण आहे. समिती सोमवारी येतीय," म्हणाले. त्यांची चीड आली, पण पूर्वीसारखी नाही. माझ्यात आणि त्यांच्यात आता फार अंतर उरलं नव्हतं आणि ते त्यांनाही समजलं होतं. त्याच पानांची एक प्रत मी संस्थेला टपालानं पाठवली. अजून उत्तर नाही.

त्या रविवारी मामांच्या गावाला गेले. फाट्यावर एसटीनं उतरवलं, तिथून चालत. मामा अंगणात बसून काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत माती भरत होते. रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेचं काम घरी आणलं होतं. मला बघून ते उठले, बाज पुढं ओढली, आत पाणी आणायला सांगितलं. मी बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं: त्या पाल्याला खाज नव्हती, विष होतं, ते मला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि तुम्ही काम सोडून जाल म्हणून मी खोटं बोलले.

मामा पिशवीत माती दाबत राहिले. मग म्हणाले, "खाज येत न्हाय, ते मला पयल्याच आठवड्यात कळलं व्हतं."

"कसं?"

"मोजे लई गरम व्हत्यात. घामानं हात भिजायचं. म्या काडून टाकलं. उघड्या हातानंच कापायचो. कवा खाज आली न्हाय."

"मग मला बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तुमी खोटं बोलत्याल आसं कुटं वाटलं?" त्यांनी पिशवी बाजूला ठेवली. "माजं हात निबर. म्हनलं, मला येत न्हाय, तुमच्यासारख्याच्या हाताला येत आसंल."

आतून कुणीतरी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि परत गेलं. मला तो उचलता आला नाही. मामांनी हाताची माती झटकली आणि दोन्ही तळवे माझ्यापुढं धरले.

"दोन पावसाळे कापलं. आता काय व्हईल का मला, मॅडम? तुमाला कळतंय, बघून सांगा."

मी त्यांचे हात हातात घेतले. ऊन चांगलं होतं. नेच्याच्या पानाच्या पाठीवरची रेघ मी दहा हातांवरून ओळखते. त्या तळव्यांवर बोटांच्या मुळाशी घट्टे होते, घट्ट्यांच्या मध्ये बारीक कठीण दाणे होते. खुरप्याचे की सोमलाचे, मला सांगता येईना. मी पुन्हा पुन्हा बोट फिरवून बघत राहिले.

"उद्या धाराशिवला दवाखान्यात जाऊ," मी म्हणाले. "मी येते तुमच्याबरोबर."

"तितं काय सांगायचं?"

"मी सांगेन."

मामांनी माझ्याकडं बघितलं, आणि माझ्या हातातून आपले हात काढून घेतले.